गणपतीला साप आणणार असशील तर

तुझा बॉल पायथन गणपतीला तळीयेला आणायला माझी हरकत नाही. तुझ्या मैत्रिणीचा बिअर्डेड ड्रॅगन मात्र आणू नका, आणि तुझे ते दोन हिरवे बेडूक तर अजिबात नकोत. का, ते इथं नीट सांगते. फोनवर एवढं बोलणं होत नाही आणि या दिवसांत इथली रेंजही धड नसते.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. हे प्राणी कसे पाळायचे यावर तू जे वाचतेस आणि जे व्हिडिओ बघतेस, ते बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी केलेले आहेत. त्यांच्या घरात वर्षातले कितीतरी महिने हीटर चालतो आणि हवा अगदी कोरडी पडते. म्हणून त्यांचा सगळा भर ओल वाढवण्यावर: फवारा मारा, फॉगर लावा, जाळीवर प्लास्टिक घाला, नारळाचा भुसा भिजवून ठेवा. त्यांच्या घरात ते बरोबरच आहे. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत अडचण नेमकी उलटी असते. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भाद्रपदात इथं चपला बुरशी धरतात, पापड मऊ पडतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. अशा हवेत तू फवाऱ्याची बाटली घेऊन बसलीस तर तुझ्याच हातानं त्याला आजारी पाडशील.

आता तो टक्क्यांचा आकडा. तू म्हणालीस, "सापाला साठ टक्के लागते आणि तुमच्याकडे तर पंच्याण्णव असते, मग तो जगेल कसा?" हा आकडा एकटा वाचायचा नसतो, त्याच्याबरोबर तापमान वाचायचं असतं. हवा तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद वाढते. आत्ता रात्री इथं बाहेर २४ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत शिरून ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, थेंबभरही कमी झालेलं नाही, तरी आकडा उतरला. तुझ्या सापाला गरम बाजूला ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश हवेच असतात. म्हणजे पेटीतली ऊब नीट राखलीस आणि हवा खेळती ठेवलीस, तर आमच्या पावसातही त्याच्या गरम कोपऱ्यातली ओल आपोआप त्याला सोसेल इतकी राहते. म्हणूनच त्याला आणायला मी हो म्हणते.

हेच गणित थंडीत उलट चालतं. मार्गशीर्षात दुपारी ३० अंशांना हवेत ४० टक्के आर्द्रता असते. तीच हवा पहाटे १५ अंशांवर आली की दव पडतं. पेटीची काच पहाटे ओली दिसते आणि माणसाला वाटतं, वा, ओल भरपूर आहे. दुपारी त्याच पेटीत प्राणी सुकत असतो. म्हणून आकडा दिवसातून एकदाच बघून वहीत लिहिण्यात अर्थ नाही. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही वेळा बघायचा.

आणि ज्याच्यावर तो आकडा बघायचा ते यंत्र तरी खरं बोलतं का, हे तपासलंस? दुकानात मिळणारं काट्याचं गोल घड्याळासारखं हायग्रोमीटर घेऊ नकोस, ते फार चुकतं. डिजिटल घे, आणि तेही मिठाच्या परीक्षेला बसव. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घे, त्यात पाण्याचे थोडे थेंब टाक, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर बंद करून ठेव. मिठावरची हवा घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, मग बाहेर पाऊस असो की ऊन. तुझ्या यंत्रानं ८२ दाखवले तर ते सात टक्के जास्त सांगतंय, हे त्याच्या पाठीवर लिहून चिकटव. अशी दोन यंत्रं ठेव. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही प्राण्याच्या उंचीवर. झाकणाला चिकटवलेलं यंत्र झाकणाची हवा सांगतं, आणि साप झाकणाला लटकून राहत नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथं तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो. बाहेरचं माळरान उन्हानं रखरखलेलं असलं तरी बिळात गारवा आणि ओल असते. त्याला हवं तेव्हा तो आत जातो, हवं तेव्हा बाहेर येतो. आपल्याकडचे साप काय वेगळं करतात? कात टाकायची वेळ आली की धामण बांधाच्या दगडांत, पेंढ्याच्या उडवीखाली, ओलसर अडचणीत शिरते आणि कोरड्या दगडाला अंग घासत बाहेर पडते. गडग्यात सापडणारी अख्खी कात तू लहानपणी बघितली आहेसच. रानातल्या प्राण्याला जागा बदलता येते. तुझ्या पेटीतल्याला येत नाही. म्हणून सगळी पेटी साठ टक्क्यांवर धरून ठेवण्याचा अट्टहास सोड. त्याला एक ओला कोपरा दे, बाकीची पेटी कोरडी ठेव, आणि मधे फिरायला जागा ठेव. कधी कुठं बसायचं ते त्याचं त्याला कळतं. मला या विषयात एवढंच खात्रीनं सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या अंगानं येतं.

तो ओला कोपरा करायला विकतचा प्लास्टिकचा गुहेचा सांगाडा लागत नाही. इथं घराघरात मंगलोरी कौलांचे तुकडे पडलेले असतात. एक मोठा तुकडा घासून धू, कडा दगडावर घासून बोथट कर, उकळतं पाणी ओतून उन्हात वाळव. मग तासभर स्वच्छ पाण्यात भिजवून पेटीत उपडा घाल. भाजलेली माती पाणी पिते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे खालची जागा ओलसर राहते पण चिखल होत नाही. फुटक्या माठाचं अर्धं खापरही चालतं. उन्हाळ्यात हे खापर रोज भिजवावं लागेल. पावसाळ्यात फक्त साप कात टाकायला आला की भिजव. ते ओळखायचं कसं, तर त्याचे डोळे निळसर दुधाळ होतात, पोट गुलाबी दिसतं, खाणं सोडतो. त्या दिवसांत त्याला हातात घेऊ नकोस. कात तुकड्यांनी निघाली, किंवा डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा तसाच राहिला, तर समज ओल कमी पडली. हवेशीर डब्यात कोमट पाण्यानं भिजवून पिळलेला पंचा घाल, त्यात त्याला अर्धा तास ठेव. डोळ्यावरचा पापुद्रा नखानं किंवा चिमट्यानं ओढायचा नाही, म्हणजे नाही. डोळा जातो.

पावसाळ्यात तुला जे दिसायची शक्यता जास्त आहे ते या उलट आहे. पोटाखालचे खवले तांबूस-तपकिरी होणं, त्यावर फोड येणं. ओल्या बिछान्यावर सतत बसून हे होतं. दुसरं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात बुडबुडे किंवा चिकट लाळ, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं. ही फुप्फुसाची लागण आहे. गारवा, कोंदट हवा आणि ओल एकत्र आली की ती होते. यावर हळद लावून, निलगिरीचा वाफारा देऊन काही होत नाही, उलट वास त्याला बाधतो. या प्राण्यांतलं जाणणारा डॉक्टर तुला मुंबईला किंवा पुण्यालाच मिळेल. महाडहून पुण्याला जायचा जवळचा वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, हे लक्षात ठेव. इथं येऊन आजारी पडला तर डॉक्टरपर्यंत पोहोचायला आख्खा दिवस जाऊ शकतो. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी त्याचं तोंड, पोट, श्वास नीट बघ. जराही शंका आली तर त्याला आणू नकोस, आणि त्याच्यासाठी तुलाही थांबावं लागलं तर थांब.

पावसाळ्याची मांडणी मी सांगते तशी कर. नारळाच्या भुशाचा जाड थर काढून टाक, साधा टिश्यू पेपर किंवा कोरा कागद अंथर, घाण झाला की लगेच बदल. भुसा तुला आवडतो, दिसायलाही छान दिसतो, पण आपल्या पावसात तो आठवड्याभरात पांढरा पडतो. पाण्याचं भांडं उन्हाळ्यात गरम बाजूला ठेवतेस ना, वाफ व्हावी म्हणून? ते आता थंड बाजूला ने आणि आकारानं लहान कर. झाकणाच्या जाळीवरचं प्लास्टिक काढ. पेटीला एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशी भोकं असली तर गरम हवा वरून निघते आणि खालून नवी आत येते. अशी भोकं नसतील तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंखा पेटीबाहेर, जाळीवरून हवा ओढेल असा लाव. वारा थेट प्राण्यावर नको.

पेटी कुठं ठेवायची याचाही विचार आधीच कर. जमिनीवर नको, तिथं ओल वर चढते. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला टेकवून नको, हातभर पुढं, टेबलावर ठेव. ज्या खोलीत आई दोरीवर ओले कपडे वाळत घालते त्या खोलीत नको, कारण गणपतीत घरात वीस माणसं असतात आणि वीस माणसांचे कपडे आतच वाळतात. चुलीजवळ नको, धूर लागतो. आणि हे आईला, आत्याला, काकांना आधीच, नीट, आदरानं सांग: त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं मशीन, डांबरगोळ्या, धूप, फिनेल, काहीही नको. पावसाळ्यात साप येऊ नयेत म्हणून दाराशी कार्बोलिक ॲसिड शिंपडणारी घरं आपल्याकडं अजून आहेत. तो वास तुझ्या सापालाही भोवतो, बेडकाला तर फारच. मोठ्यांना हे "तुम्ही करू नका" असं सांगू नकोस, "माझ्यासाठी चार दिवस एवढं कराल का" असं विचार. ऐकतात.

ओल शोषायला लोक कपाटात कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. त्यात खाली खारं पाणी साठतं. ती पिशवी प्राण्याच्या आवाक्यात कधीही ठेवू नकोस. कळीचा चुनाही नको, भाजतो. खोलीत कोळशाची टोपली ठेवलीस तर वास कमी होतो, ओल फारशी जात नाही. इथं ओल काढायचे खरे उपाय दोनच, ऊब आणि वाहती हवा.

ऊब विजेवर आहे आणि वीज पावसावर आहे, इथंच गाडं अडतं. एखादी फांदी तारेवर पडली की वाडीत रात्रभर अंधार असतो, कधी दोन दिवससुद्धा. वीज गेली की पेटी गार होते, आणि मघाचं गणित आठव, गार झाली की आकडा वर चढतो. बॉल पायथन एखादी रात्र २३-२४ अंशांत काढू शकतो, पण गार आणि ओला असा दोन्ही एकदम राहता कामा नये. वीज गेली की पाण्याचं भांडं बाहेर काढ, कागद कोरडा घाल, गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून एका बाजूला टेकवून ठेव. त्या दिवसांत खायला घालू नकोस, गार पडलेल्या पोटात भक्ष्य कुजतं. आणि थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावायचा नाही, वीज आल्यावर होणारे चढउतार इथं फार असतात.

आता बिअर्डेड ड्रॅगन. तो ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. त्याला दिवसा ३० ते ४० टक्क्यांची हवा आणि भरपूर तापलेला दगड हवा. आपल्या भाद्रपदात ही हवा आणायची तर खोली बंद करून दिवसरात्र एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवायला हवा. ते तळीयेत होणार नाही. त्याच्या अंगावर पिवळट खपल्या धरणारी एक बुरशी असते, ती लागली की बरी होणं फार अवघड असतं. मैत्रिणीला म्हणावं, त्याला तुमच्या डोंबिवलीतच कुणा माहितगाराकडे ठेव. तिला वाईट वाटेल, पण स्पष्ट सांग.

इग्वानाला मात्र ही हवा मानवते. त्याला सत्तर टक्क्यांच्या वर ओल हवी आणि कोरड्या एसीच्या खोलीत वर्षानुवर्षं राहून त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. तुझ्या सोसायटीतल्या इग्वाना पाळणाऱ्या काकांना हे नक्की सांग.

आणि कासव. आपल्याकडं घरात सगळ्यात जास्त पाळलं जातं ते लाल कानाचं अमेरिकन कासव, रेड इअर्ड स्लायडर. लोकांना वाटतं पाण्यातलं आहे, त्याला ओलीचं काय? त्याला तर रोज पूर्ण कोरडं व्हावं लागतं. महाडला सावित्रीच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात ना, तसंच याचंही आहे. प्लास्टिकच्या टबात पावसाळाभर ओलं राहिलेलं कासव पाठीच्या कवचावर मऊ, वास येणारे डाग धरतं. बाहेर येऊन बसायला फळी आणि वर दिवा, यूव्हीबीसकट, हे दोन्ही दिल्याशिवाय ते पाळणं म्हणजे हळूहळू मारणं आहे. आणि कंटाळा आला म्हणून ते गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडणं तर त्याहून वाईट, कारण ते इथल्या कासवांच्या जागेवर बसतं आणि त्यांचं खाणं खातं.

बेडकांना नको म्हटलं, त्याचं कारण ओल नाही. ओल तर त्यांना आपल्या अंगणात भरपूर मिळेल. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीनं पितो, आणि त्याच कातडीनं थोडा श्वासही घेतो. म्हणून पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं. पावसाळ्यात आपल्या विहिरींत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, माणसांसाठी ती हवीच. बेडकासाठी ते पाणी मोठ्या तोंडाच्या बादलीत दोन दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं. तुझ्याकडच्या नळाचं पाणीही तसंच ठेव, आणि त्यात क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं औषध लागतं. साबण, सॅनिटायझर, डास पळवायचं मलम लागलेल्या हातानं त्यांना शिवायचं नाही.

बेडूक इथं नकोत याचं खरं कारण वेगळं आहे. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी जगभर पसरली ती मुख्यतः माणसांनी व्यापारासाठी बेडूक इकडून तिकडे नेल्यामुळे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजदादीत या बुरशीमुळे उभयचरांच्या ५०० हून अधिक जाती घटल्याचं आणि ९० जाती नामशेष झाल्याचं निघालं. पश्चिम घाटात ती असल्याची नोंद २०११ सालची आहे, आणि २०१३ साली पुण्यातल्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही तिचा एक आशियाई प्रकार सापडल्याचं मांडलं. इथला प्रकार इथल्या बेडकांबरोबर बहुधा फार काळ राहत आलेला आहे. बाहेरून येणारा प्रकार काय करेल त्याची झलक ऑस्ट्रेलियानं आणि मध्य अमेरिकेनं बघितली आहे. आपल्या घरामागच्या ओढ्यात, भाताच्या खाचरांत, कुजलेल्या पाल्याखालच्या देवगांडुळांपर्यंत कितीतरी जीव असे आहेत जे फक्त या घाटात राहतात. तुझ्या टाकीतलं एक तांब्या पाणी मोरीतून ओढ्याला गेलं, एवढं पुरेसं होऊ शकतं. डोंबिवलीतही टाकीचं पाणी बाहेर गटारात किंवा कुंडीत ओतू नकोस. बादलीत ब्लीचिंग पावडर घालून ठेव आणि मग संडासात ओत. टाकीतलं शेवाळ, लाकूड, माती तर गावी कधीच आणू नकोस, आणि इथल्या दगडावरचं हिरवं शेवाळ खरवडून तिकडे टाकीत घालायलाही नेऊ नकोस. बेडकांची डोंबिवलीतली टाकी सकाळ-संध्याकाळ फवारून मधे वाळू दे. पोट-मांड्या लाल दिसल्या, किंवा निसर्गतः निशाचर असून दिवसा भिंतीवर अस्वस्थ चढत राहिले, तर पाणी आधी बदल आणि डॉक्टर गाठ.

सापाला आणशील तेव्हा कुलूप लागणारी पेटी आण. हे मी ओलीपेक्षाही जास्त कळकळीनं सांगते. तुझा साप जाडजूड, अंगावर तपकिरी ठिपके-पट्टे. गावातल्या माणसाला अंधारात तो घोणस वाटणार, आणि तो मारला जाईल. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या वेळी अंगणात खरी घोणस आली आणि एखाद्या पोरानं "हा ताईचा साप" म्हणून हात घातला, तर? घोणसीच्या दंशानं माणूस मरतो. म्हणून त्याला बाहेर काढून मुलांना दाखवू नकोस, गळ्यात घालून फोटो काढू नकोस, मुलांच्या मनातून सापाची भीती काढायची घाई करू नकोस. या गावात ती भीती जीव वाचवते.

आणि कागद बरोबर ठेव. बॉल पायथन हा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्यानं परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. तू नोंद केली नसशील तर आधी ते कर, गणपतीचं नंतर बघू. विकणाऱ्यानं कागद दिले नाहीत तर तो प्राणी कुठून आला ते समजून घे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. असे लपवून आणलेले प्राणी तहानलेले, सुकलेले येतात, आणि ज्याच्या हाती पडतात त्याला वाटतं आपलं पाळणं चुकलं. इथली घोरपड, अजगर, नाग, धामण, तारांकित कासव पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. शेतात सापडलेलं पिल्लू "जगवायला" घरी आणायचं नाही. त्याला जी ओल हवी ती शेतातच आहे.

एक शेवटचं बोलायचं आहे, आणि ते बोलायला जड जातं. २२ जुलै २०२१ ला आपल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला, ८० हून अधिक माणसं गेली. त्या दिवशी शेजारच्या महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हापासून इथं जोराच्या पावसात माणसं झोपत नाहीत, आणि हलायचा निरोप आला की लगेच हलतात. तू इथं असताना असा निरोप आला तर त्या पेटीसाठी, हीटरसाठी, तारांसाठी एक क्षणही थांबायचं नाही. जाड सुती उशीचा अभ्रा आणि भोकं पाडलेला झाकणाचा डबा दाराशी तयार ठेव. आईचा हात धरलेला असेल आणि दुसरा हात मोकळा असेल तरच साप अभ्र्यात घालून, गाठ मारून, डब्यात घेऊन निघ. हात मोकळा नसेल तर त्याला तिथंच सोडून निघ. तुला हे ऐकायला आवडणार नाही. पण हे मला आत्ता, चांगल्या दिवशी सांगू दे, कारण त्या वेळी सांगायला वेळ नसतो.

येताना गाडीत एसीचा झोत त्याच्या डब्यावर नको, डब्यात पाण्याची वाटी नको, निघण्याआधी चार-पाच दिवस त्याला खायला घालू नकोस. वीर स्टेशनला उतरलीस तर फोन कर, काका न्यायला येतील.

हायग्रोमीटर आजच रात्री मिठाच्या डब्यात ठेव आणि सकाळी आकडा मला कळव. तो ७५ च्या किती जवळ आहे ते बघून आपण तुझ्या पेटीतले आकडे एकदा नव्यानं लिहून काढू.